कार्ड एकदाच बघा

“चिकटपट्टी लावून लावून पेटीपेक्षा पट्टीच जास्त झाली. पुठ्ठा कुठे आहे तो आता शोधावा लागतो,” दुकानवाल्या बाई माझा कोपरा दाबत पुटपुटल्या. पट्टीचा तुकडा त्यांच्या दातांत धरलेला होता. त्यामुळे अर्धे शब्द माझ्या अंगावर सांडले आणि अर्धे त्यांच्याच तोंडात राहिले.

मित्रांनो, त्यांची कुरकुर खोटी नव्हती. मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटले की तुम्हाला सुरांची पेटी आठवेल, पण माझ्यातून सूर निघत नाहीत, आरोप निघतात. मी एका खेळाची पेटी आहे आणि माझे नाव आहे ‘घरभेदी’. असे नाव घेऊन लोकांच्या घरात शिरणे सोपे नसते. तरी लोकांनी मला हौसेने नेले, टेबलावर मधोमध बसवले आणि माझ्यासमोर पोटभर खोटे बोलून घेतले. एका घरात मात्र जे खोटे बोलले गेले, ते आठवले की माझे झाकण आजही नीट बसत नाही.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. यंत्राने मला कापले आणि एका बाईने भराभर दुमडून उभे केले. माझ्या झाकणावर एका घराचे चित्र आहे. त्याच्या प्रत्येक खिडकीत एक चेहरा आहे आणि सगळे चेहरे अगदी सारखे हसतात. त्यांतला कोणता हसू नये तेव्हा हसतो आहे, हे ओळखायचे, एवढाच माझा खेळ. माझ्या पोटात जाड कार्डे आहेत, काळ्या-पांढऱ्या लाकडी सोंगट्या आहेत आणि एक निळी कापडी थैली आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत एक ओळ छापली आहे : ‘कार्ड एकदाच बघा आणि लक्षात ठेवा.’

खेळ फारसा अवघड नाही. प्रत्येकाला एक कार्ड मिळते. एकाच्या कार्डावर ‘घरभेदी’ लिहिलेले असते, बाकीच्यांच्या कार्डावर ‘घरचे’. आपले कार्ड बघायचे, पालथे ठेवायचे, पुन्हा त्याला हात लावायचा नाही. प्रत्येकाच्या हातात एक पांढरी आणि एक काळी सोंगटी असते. थैली फिरत आली की घरच्यांनी तिच्यात पांढरी टाकायची आणि घरभेद्याने काळी. उरलेली मुठीत लपवायची. थैली उलटी केली की पांढऱ्यांच्या घोळक्यात एक काळी पडते आणि मग सुरू होतो कल्ला. तू का हसलास? तू का नाही हसलीस? तुझा हात थैलीत इतका वेळ काय शिजवत होता? शेवटी एक-दोन-तीन म्हणून सगळ्यांनी एकदम बोट दाखवायचे, ज्याच्यावर संशय असेल त्याच्याकडे.

दुकानवाल्या बाईंचे दुकान म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानामागची एक अरुंद खोली. तिथे त्या खेळ भाड्याने देतात. खेळ देणे हे काम त्या औषध दिल्यासारखे करतात. कोणाला काय सोसेल, हे आधी विचारतात. कॉलेजातली टोळी आली की ‘रात्रीचा पाहुणा’ काढून देतात. त्यात सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात आणि उघडल्यावर आरडाओरडा करायचा असतो. “तुम्हाला भांडायचंच आहे ना? मग मोकळ्या मैदानात जाऊन भांडा,” असे वर बजावतात. नवी ओळख असलेली ऑफिसातली मंडळी आली की ‘शब्दचोर’ देतात. त्यात सगळ्यांना एक शब्द ठाऊक असतो आणि एकाला नसतो. “ह्यात कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही. फार तर ‘तुम्हाला कळलं नाही वाटतं’ म्हणतात. तेवढं साहेबालाही म्हणता येतं.” लहान मुलांसाठी ‘बुडती नाव’, कारण त्यात कोणी डावाबाहेर जात नाही. “बाहेर काढलेलं पोर घर डोक्यावर घेतं, मग खेळ कसला?” एकदा नुकतेच लग्न ठरलेले जोडपे आले, तर बाईंनी त्यांना काहीच दिले नाही. “तुम्ही पत्ते खेळा. एकमेकांचं खोटं ओळखायला अख्खा जन्म पडलाय.”

आणि मी? “ही घरच्या माणसांसाठी,” बाई माझ्यावर टिचकी मारून सांगत. “पाच-सहा जण, एकमेकांना पुरते ओळखणारे. ओळखीच्या माणसाचं खोटं पकडण्यात खरी गंमत.” मात्र मला देण्याआधी त्या हमखास विचारत, “कोणाचं कोणाशी बोलणं बंद नाही ना? काही धुमसत नाही ना घरात? असेल तर ही नका नेऊ.” आणि मग सहज जोडत, “कार्ड लक्षात ठेवावं लागतं बरं. सगळ्यांना जमेल ना?”

माझी उमेदीची वर्षे छान गेली. एका न्हाव्याच्या दुकानातल्या कारागिरांनी मला इतके खेळवले की माझ्या कार्डांना साबणाचा वास लागला. एका भांडखोर मावशीने मला छातीशी धरून सांगितले की तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे खोटे तिला पहिल्यांदा सापडले ते माझ्यामुळे, आणि तेही किती फालतू निघाले! पुढे नवे, चकचकीत खेळ आले. मी खालच्या फळीवर गेले, फरशी पुसायच्या बादलीच्या शेजारी. मग एके दिवशी चष्मेवाला आला.

तो चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. बोलका, हसरा माणूस. “पाच जण आहोत,” त्याने सांगितले. “मी, बायको, माझी मुलगी, आई, आणि रविवारी माझी बहीण येते. ती म्हणते, आपण नुसते टीव्हीकडे तोंड करून बसतो, काहीतरी खेळ आण.”

“आई खेळतील?”

“आई? ती आम्हा सगळ्यांना बाजारात विकून येईल आणि आम्हाला पत्ता लागणार नाही.”

बाई हसल्या आणि मला फळीवरून काढत म्हणाल्या, “मग हीच न्या. कार्ड तेवढं लक्षात ठेवावं लागतं. सगळ्यांना जमेल ना?”

चष्मेवाल्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. गिऱ्हाइकांना तो जे करू नका म्हणून रोज सांगतो, नेमके तेच. पुसून पुसून तो म्हणाला, “जमेल की. न जमायला काय झालं?”

मित्रांनो, माझ्या त्या घरातला पहिला डाव खरे तर तिथेच, काउंटरवर, खेळला गेला. मला तो त्या वेळी कळला नाही.

घर नीटनेटके होते. जेवणाच्या टेबलावर फुलाफुलांचे प्लास्टिक होते. दाराशी खुंटीवर शाळेचे दप्तर होते आणि त्याच खुंटीवर आजीची छत्री. दप्तर आणि छत्री एका खुंटीवर का, हे मला लवकरच समजले. चष्मेवाल्याची बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची, ती संध्याकाळशिवाय घरी येत नसे. चष्मेवाला दुकानात. त्यांच्या मुलीची, भिंगरीची, शाळा दुपारी सुटायची आणि तिला आणायला आजी जायच्या. “आई आहेत म्हणून आमचं चाललंय. नाहीतर एकाला नोकरी सोडावी लागली असती,” सून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्यात कौतुक होते आणि थोडी भीतीही होती.

आजी पूर्वी शिवणकाम करायच्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांची मापे त्यांच्या डोक्यात असत आणि माणूस जाड झालेला त्यांना त्याच्या आधी कळत असे. पहिल्या रविवारी त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि पहिलाच डाव जिंकल्या. दुसऱ्या डावात त्यांनी पालथे कार्ड उचलून पुन्हा बघितले.

“आजी! एकदाच बघायचं असतं!” भिंगरी ओरडली.

“मी बघितलंच कुठे? चष्म्याशिवाय मला दिसतंय का काही?”

“चष्मा डोक्यावर आहे, आजी.”

सगळे हसले. आजीही हसल्या आणि चष्मा खाली ओढून म्हणाल्या, “पोराचं चष्म्याचं दुकान आणि आईचा चष्मा वाऱ्यावर!” पुन्हा हशा. त्या हशात चष्मेवाला म्हणाला, “असू दे गं भिंगरे. आमच्या घरात दोनदा बघितलेलं चालतं.”

असा त्या घरचा नियम सुरू झाला. पुढच्या रविवारी दोनदाचे तीनदा झाले. मग कोणी मोजेनासे झाले. एकट्या आजींनाच सवलत दिसू नये म्हणून बाकीचेही आपापली कार्डे उगाच उचलून बघू लागले. आत्या तर दर थोड्या वेळाने कार्ड उचलायची आणि मोठ्याने म्हणायची, “मी कोण बाई? विसरलेच!” तिच्या आवाजात इतकी माया असायची आणि ती इतकी खोटी असायची की माझ्या झाकणावरचे खिडक्यांतले चेहरेसुद्धा हसायचे थांबावेत.

आणि एका रविवारी थैली उलटी केली तर दोन काळ्या सोंगट्या पडल्या.

घरभेदी एकच असतो, मित्रांनो. दोन काळ्या पडूच शकत नाहीत. आजी दोन्ही सोंगट्यांकडे सगळ्यांसारख्याच बघत होत्या, कोणाच्या असतील बरे, अशा.

“मीच टाकली ती,” चष्मेवाला म्हणाला. “थैलीत हात घातला आणि चुकलीच.”

“तू नाही, मी टाकली,” त्याच वेळी त्याची बायको म्हणाली.

“अगंबाई, माझी असेल ती. माझी बोटं म्हणजे...” आत्या म्हणाली.

भिंगरीने तिघांकडे बघितले, टेबलावरच्या पांढऱ्या सोंगट्यांकडे बघितले आणि विचारले, “मग ह्या पांढऱ्या कोणी टाकल्या?”

तिघेही मोठ्याने हसले. आजी हसल्या, पण बाकीचे हसून झाल्यावर. मग चष्मेवाल्याने टाळी दिली. “आई म्हणजे कसलेली खेळाडू! चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ!” ते खरेच होते. आजींच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते, कारण त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते की त्या कोण आहेत. माझ्यासमोर आजवर शेकडो माणसे खोटे बोलली, एकाला पकडायला बाकीची जिवाचा आटापिटा करायची. इथे उलटे होते. सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती आणि सगळे मिळून ती झाकत होते. झाकायला त्यांना माझे टेबल मिळाले होते. मी नसते, तर त्या विसरण्याला त्यांना विसरणेच म्हणावे लागले असते. माझ्यामुळे त्याला डाव म्हणता आले. हे मला टोचते.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी कपाटावर पडून होते. दार उघडले आणि चष्मेवाला भिंगरीला घेऊन आत आला. दुकान उघडेच टाकून आला असावा, कारण गळ्यात डोळ्यांमधले अंतर मोजायची पट्टी तशीच लटकत होती. शाळेच्या शिपाईणबाईंनी त्याला फोन केला होता. सगळी मुले गेली तरी भिंगरी फाटकाशी एकटीच उभी होती. थोड्या वेळाने आजी घरी आल्या, घामाघूम, हातात मिटलेली छत्री.

“आई, कुठे होतीस तू?”

आजींनी तोंड उघडले, पण त्याआधी भिंगरीच बोलली. “बाबा, मीच चुकले. मी दुसऱ्या दाराने बाहेर आले. आजी बरोब्बर उभी होती.”

बोलताना तिने बापाच्या डोळ्यांत थेट बघितले. पापणीसुद्धा हलली नाही. मित्रांनो, असे बघायला तिला मीच शिकवले होते. रविवारी असे बघितले की तिला टाळ्या मिळत. चष्मेवाला रोज लोकांचे डोळे तपासतो, त्याला त्या डोळ्यांतले कळले नसेल असे मला वाटत नाही. तो फक्त म्हणाला, “बरं. पुढच्या वेळी नीट बघ.”

संध्याकाळी स्वयंपाकघरात नवरा-बायको हळू आवाजात बोलत होती. आवाज हळू असला की पेटीला जास्त ऐकू येते.

“भिंगरीच्या शाळेला दुसरं दारच नाहीये,” बायको म्हणाली.

“ऊन होतं. उन्हात कोणालाही भोवंडल्यासारखं होतं.”

“ऊन कालही होतं.”

“मग काय करू सांग? दुकान बंद करू? की तू नोकरी सोडतेस?”

“मी काही म्हटलंय का?”

“नको म्हणूस.”

नळ बराच वेळ वाहत राहिला. भांडी तेवढी नव्हती.

मला परत द्यायला तो दुकानात आला, तेव्हा बाईंनी माझा कोपरा बघितला आणि सुरुवातीला सांगितलेली ती कुरकुर केली. पट्टी लावता लावता त्या म्हणाल्या, “आता दुसरं काही देऊ? ‘बुडती नाव’ न्या. त्यात काही लक्षात ठेवायला लागत नाही.”

“का? लक्षात ठेवायला काय झालं?” चष्मेवाला इतक्या झटकन म्हणाला की बाईंचा हात थांबला. “आईला हाच आवडतो. हाच द्या परत.”

बाईंनी त्याच्याकडे बघितले. त्यांच्या ओठांवर एक प्रश्न आला होता, मी खालून बघत होते, मला स्पष्ट दिसला. मग त्यांनी तो गिळला आणि मला त्याच्याकडे सरकवले. तो गेल्यावर काय म्हणाल्या असतील ते ऐकायला मी तिथे नव्हते. पण पिशवीत शिरता शिरता एवढे ऐकले : “गिऱ्हाइकाच्या घरात डोकावणारी मी कोण?” हे त्या मला म्हणाल्या नाहीत, कोणालाच म्हणाल्या नाहीत. कोणाला किती सोसेल हे ओळखण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना त्या दिवशी नक्कीच ओळखू आले होते. ओळखूनही त्यांनी मला दिले आणि मीही गेले. मला पाय नाहीत, हे कारण पुरेसे नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पेट्या शेवटी काहीतरी विनवतात. मला ओल लागू देऊ नका, सोंगट्या मोजून ठेवा, वगैरे. ते तुम्ही करालच. माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात कोणी आपले कार्ड पुन्हा पुन्हा उचलून बघत असेल, तर त्याच्यासाठी नियम बदलू नका. नियम बदलला की तुम्हाला वाटते आपण माया केली. पण ज्याच्यासाठी बदलला, तो त्या मायेच्या आत एकटाच उरतो. त्यापेक्षा खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, काय होतेय? तो आपणहून सांगेल या आशेवर मात्र बसू नका. आजी थांबल्या, थांबल्या आणि मग त्यांनी कोणाची वाट बघायचे सोडून दिले.

तो रविवार इतर रविवारांसारखाच होता. आत्याने येताना फळे आणली होती, सून कपड्यांच्या घड्या घालता घालताच खेळायला बसली होती. चष्मेवाल्याने कार्डे वाटली. सगळ्यांनी बघितली, पालथी ठेवली. थैली भिंगरीकडून आत्याकडे, आत्याकडून सुनेकडे, सुनेकडून आजींकडे आली. आजींच्या एका तळहातावर पांढरी सोंगटी होती, एकावर काळी. त्यांनी थैलीला हात लावला नाही.

“टाक ना आई,” चष्मेवाला म्हणाला.

आजी पालथ्या कार्डाकडेच बघत राहिल्या.

“बघ हवं तर परत. आमच्यात चालतं.”

“तुमच्यात सगळंच चालतं,” आजी म्हणाल्या.

आत्या हसली, नेहमीसारखी, पण अर्ध्यातच थांबली. आजींनी दोन्ही सोंगट्या टेबलावर ठेवल्या, शेजारी शेजारी, जशी पूर्वी त्या कापड बेतायला घेण्याआधी कात्री आणि खडू ठेवत असतील.

“मला आठवत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“अहो आई, खेळच तर आहे,” सून पटकन म्हणाली. “आम्ही कुठे लक्षात ठेवतो? मीसुद्धा...”

“तुला आठवतंय. तुम्हाला सगळ्यांना आठवतंय.” आजींचा आवाज चढला नव्हता. “आणि मी खेळाचं बोलत नाहीये.”

भिंगरीने माझे झाकण घट्ट धरले होते. तिची बोटे माझ्या कोपऱ्यात रुतली.

“पोर दुसऱ्या दाराने बाहेर आली नव्हती,” आजी म्हणाल्या. “मी तुझ्या शाळेपाशी उभी होते. तुझ्या, रे. घंटा कशी होत नाही म्हणून बघत होते. मला वाटत होतं, तू बाहेर येशील.”

चष्मेवाल्याने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसला.

“आई, अगं उन्हामुळे...”

“ऊन नको मध्ये आणूस. मला विसरायला होतंय. तुम्हाला कधीचंच माहीत आहे, मलाही माहीत आहे. तुमची अडचण होईल म्हणून मी बोलत नव्हते आणि माझी काळजी म्हणून तुम्ही बोलत नव्हता, असं आपण समजू या.” त्यांनी अजून माझ्या झाकणावरच असलेल्या भिंगरीच्या हातावर हात ठेवला. “पण हिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागतंय. उद्यापासून हिला आणायला मला पाठवू नका.”